सुट्टं मिळत नाही

पहिल्यांदा स्वयंपाकघर मांडणाऱ्या माणसाला सगळे जण मोठ्या वस्तूंची यादी सांगतात. शेगडी, कुकर, मिक्सर, पाण्याचा फिल्टर. या वस्तूंनी कोणाला फार छळल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यांना हमीपत्र असतं, दुरुस्तीचा माणूस असतो, पैसे कमी पडले तर हप्ते बांधून मिळतात. छळतात ती झाकणं, सांडशी, सराटा, चहाची गाळणी. ही कोणाच्या यादीत नसतात आणि रोज दोन्ही वेळा हात त्यांनाच लागतो. त्यांच्याबद्दल तक्रार केली की लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. मी घेऊन बसले आहे, कारण ज्याच्या हातात पैसा मोजका आहे त्याचं स्वयंपाकघर याच एवढ्याशा गोष्टींनी बिघडतं.

माझी भाची दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातली. अमरावतीला माझ्याकडे राहून शिकली आणि आता तिला अकोल्यात नोकरी लागली. जठारपेठेत एका खोलीला लागून ओटा आणि मोरी, एवढं तिचं घर. लग्न झालेलं नाही, जोडीदारीण नाही, एकटी राहणार. शेगडी आणि जुना कुकर मी दिला. बाकी सगळ्यासाठी तिच्या हातात दहा हजार रुपये होते आणि त्यातून पहिल्या महिन्याचं धान्यही भरायचं होतं. "मावशी, तू चाल न माह्यासंग," म्हणाली, म्हणून मी गेले.

डब्यांपासून सुरुवात केली. तिला लागत होते चार डबे. कणकेला एक मोठा, तांदळाला आणि डाळीला दोन मध्यम, साखरेला एक लहान. दुकानात डबे होते, पण संचात. पाच किंवा सात डबे, एकात एक घातलेले, वरून प्लास्टिकची घट्ट पिशवी. सर्वात मोठ्यात दहा जणांच्या घराची कणीक मावेल, सर्वात लहानात मूठभर जिरं. मधले दोन डबे नेमके तिच्या कामाचे होते. ते द्या म्हटलं तर दुकानदार म्हणाला, "ताई, सुट्टं नाही भेटत. पॅकिंगच तसं येते." दुसऱ्या दुकानात हेच उत्तर, तिसऱ्यातही. तव्याचं तेच झालं. एक साधा तवा मागितला तर तवा, कढई आणि एक लहान दांड्याची कढई असा तीन नगांचा नॉनस्टिक संच समोर आला. चमचे सहा, वाट्या सहा, ग्लास सहा.

यात दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याने संच फोडून मधले दोन डबे मला दिले तर उरलेले तीन त्याच्या फळीवर वर्षभर पडून राहतील, हे मला दिसतं. दोष आहे तो बनवणाऱ्यांचा. घर म्हणजे नवरा-बायको, दोन मुलं आणि सासू-सासरे असं त्यांनी एकदा ठरवून टाकलं आणि साचे त्याच मापाचे पाडले. अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत गाडगेबाबांच्या नावाचं विद्यापीठ आहे, दोन्ही शहरांत महाविद्यालयं, दवाखाने, बँका, शिकवण्या आहेत. खोली घेऊन एकटी राहणारी पोरं-पोरी या शहरांत हजारोंनी असतील. त्यांना सहा वाट्यांचं काय काम? पैसे मात्र सहांचे मोजावे लागतात आणि उरलेल्या चार वाट्या ओट्याखाली गंजीत जागा अडवून बसतात.

झाकणांची गोष्ट याहून वाईट. आमच्याकडे ज्याला गंज म्हणतात, ते पातेलं, नंबरावर मिळतं. झाकणही नंबरावर मिळतं. पण बारा नंबरच्या गंजावर बारा नंबरचं झाकण बसेल याची खात्री नाही, कारण गंज एका कारखान्याचा असतो, झाकण दुसऱ्याचं आणि काठाची वळकटी प्रत्येकाची वेगळी. सैल बसलं तर वाफ जाते, घट्ट बसलं तर उकळी आली की झाकण उसळून खाली पडतं. मग लोक गंजावर ताटली ठेवतात. ताटलीला धरायला मूठ नसते. दूध तापलं की तीच ताटली उचलताना बोटं भाजतात. भाड्याच्या खोलीत पाली असतात, मुंग्या असतात, रात्री दूध उघडं ठेवता येत नाही. झाकण ही हौसेची वस्तू नव्हे. गंज विकताना त्याच मापाचं, मूठ असलेलं झाकण सोबत दिलं पाहिजे, आणि दिलं नाही तर तो गंज अर्धाच विकला असं मी मानते.

आता स्टील. यात फसवणूक आहे असं म्हणणार नाही, पण सांगण्यासारखं सांगितलं जात नाही, हे नक्की. भाचीने दुकानात विचारलं, हे कोणत्या दर्जाचं स्टील आहे? दुकानदाराने गल्ल्यातून लोहचुंबक काढून गंजाला लावून दाखवलं. चिकटलं नाही. "पहा, असली हाय." लोहचुंबकाने एवढंच कळतं की हे चारशेच्या मालिकेतलं स्टील नाही. ३०४ नावाच्या चांगल्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०० च्या मालिकेतल्या स्वस्त स्टीलमध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. चुंबक या दोन्हींनाही चिकटत नाही. दिसायला दोन्ही सारखीच चकचकीत. फरक कळतो वर्ष-दोन वर्षांनी, आणि तो सर्वात आधी कळतो खाऱ्या पाण्यात.

तिने उगाच विचारलं नव्हतं. तिचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे आणि तिथल्या विहिरींना खारं पाणी लागतं. माझ्या बहिणीच्या घरी स्टीलच्या गंजाच्या बुडाशी तपकिरी ठिपके पडतात, ठिपक्यांची सुईच्या टोकाएवढी भोकं होतात आणि एक दिवस वरण शेगडीवर गळतं. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड स्टीलवरचा पातळ संरक्षक थर खातं. हे ज्या पोरीने लहानपणापासून पाहिलं आहे, तिला गंजावर दर्जाचा आकडा ठळक छापलेला हवा असतो. त्या गंजावर कंपनीचं नाव होतं, फुलांची वेलबुट्टी होती, आकडा नव्हता. दुकानात यंत्राने भांड्यावर तिचं नाव मात्र फुकट टाकून द्यायला तयार होते.

त्या गंजाचं बूडही पातळ. स्टील उष्णता फार हळू वाहून नेतं, ॲल्युमिनियमच्या मानाने दहापटीहून हळू. त्यामुळे ज्वाला जिथे लागते तिथलंच बूड तापतं आणि दूध, बेसन, रवा तेवढ्याच गोल वर्तुळात लागतात. जाड बुडाचा, आत ॲल्युमिनियमचा थर दिलेला गंज मिळतो, पण त्याच्या किमतीत पातळ बुडाचे तीन येतात. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज स्वस्त असतो आणि सगळीकडून सारखा तापतो. मात्र त्यात अंबाडीची भाजी किंवा चिंचेचं वरण करता येत नाही, आंबट त्याला चालत नाही. अंबाडी आणि चिंच टाळून वऱ्हाडात स्वयंपाक कसा करायचा? शेवटी तिने एक पातळ स्टीलचा आणि एक जर्मनचा असे दोन गंज घेतले. मोजका पैसा असलेल्या माणसाला एका चांगल्या वस्तूऐवजी दोन अपुऱ्या वस्तू घ्याव्या लागतात आणि पुढे त्या दोन्ही पुन्हा घ्याव्या लागतात. माझ्या तक्रारीचं मूळ इथे आहे.

कराचंही एकदा बोलून टाकते. १८ जुलै २०२२ पासून चमचे, पळ्या, झारे आणि सुऱ्या यांच्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. कढई मात्र तेव्हा १२ टक्क्यांतच राहिली. म्हणजे कढई हवी तर एक दर आणि त्या कढईतून भजी काढायला झारा हवा तर त्याहून चढा दर. झाऱ्याशिवाय कढई कोण वापरतं? २२ सप्टेंबर २०२५ पासून भांड्यांवरचा कर ५ टक्क्यांवर आणला, ते फार चांगलं केलं. पण २०२२ नंतर ज्यांनी नवी घरं मांडली त्यांनी पळीवर जास्तीचा कर भरला, आणि पळी ही चैनीची वस्तू कोणत्या हिशोबाने होते ते मला अजूनही समजलेलं नाही.

सांडशीबद्दल मला सर्वात जास्त बोलायचं आहे. तिचं काम एकच. तापलेल्या गंजाचा काठ घट्ट धरायचा आणि सोडायचा नाही. हल्ली मिळते ती पातळ पत्र्याची, दोन्ही पाती मधल्या खिळ्यावर डुलतात, तोंडाचे दात नुसते उठवलेले असतात. भरलेला गंज उचलला की पाती एकमेकींवर तिरक्या होतात आणि गंज कलतो. त्यात उकळतं वरण असतं आणि खाली पाय असतात. दांड्यांवर प्लास्टिकच्या नळ्या चढवलेल्या असतात, त्या ज्वालेजवळ वितळून मागे सरकतात. सराट्याचं असंच. पोळी उलटायची तर सराट्याची धार पातळ हवी आणि दांडा ताठ हवा. बाजारात पातं जाड आणि दांडा लवचिक असतो, वर लाकडी मूठ रिव्हेटने ठोकलेली. महिन्याभरात मूठ फिरायला लागते आणि पोळी तव्यावरच फाटते.

पूर्वी सराटा, झारा, विळा, सांडशी आठवडी बाजारात घिसाड्याकडून घ्यायचे. रस्त्याच्या कडेला भाता लावून तो बसलेला असे. सराटा अखंड लोखंडाचा, कुठे जोड नाही, खिळा नाही. धार बोथट झाली तर पुढच्या बाजारी घेऊन जायचं, तो दोन घाव घालून परत द्यायचा. बहिणीच्या घरचा सराटा तसा आहे, तिच्या सासूच्या वेळचा. आता बाजारात घिसाडी बसलेला क्वचित दिसतो. त्याच्या जागी जे आलं ते दहावीस रुपयांनी स्वस्त आहे आणि वर्षातून तीनदा घ्यावं लागतं.

अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चं. तिथल्या लोकांनी खेड्यातल्या माणसाला परवडेल अशी पीकेव्ही मिनी डाळ मिल तयार केली. तूर विकून डाळ विकत घेणाऱ्या शेतकऱ्याचा तोटा त्यांना दिसला आणि त्यांनी यंत्र काढलं. मला त्या कामाचा फार आदर आहे. तेवढ्याच आस्थेने कोणीतरी सांडशीकडे पाहावं असं मी मनापासून म्हणते. काठाची जाडी, दातांचा कोन, खिळ्याची जागा, उचलायचं वजन, हे सगळं मोजता येण्यासारखं आहे. रोज घराघरांत बायका तिच्या भरवशावर उकळतं पाणी उचलतात.

पोळपाटाला तीन पाय असतात, ते का याचा विचार नवा पोळपाट काढणाऱ्यांनी केलेला नाही. तीन पाय कोणत्याही जमिनीवर टेकतात. भाड्याच्या खोलीतला ओटा कधी सपाट नसतो. भाचीला दाखवलेल्या स्टीलच्या पोळपाटाला खाली रबराची चार बटणं होती, आणि तिच्या ओट्यावर तो बेलणं फिरवलं की डुगडुगला असता. शिवाय तो फुलक्याच्या मापाचा. आमची घडीची पोळी त्यावर मावत नाही. लाकडी पोळपाट मिळेपर्यंत संध्याकाळ झाली, पण मिळाला आणि तो चांगला मिळाला.

पाण्याचा खर्च तर कोणीच धरत नाही. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी येतं, आणि नळ रोज येत नाही, दोन पाण्यांमध्ये काही दिवस जातात. म्हणून स्वयंपाकघर मांडायचं म्हणजे आधी झाकणाचा मोठा ड्रम, त्यातून पाणी काढायला लांब दांड्याचं भांडं, प्यायचं पाणी वेगळं ठेवायला टाकी आणि ते गाळायला फडकं. दहा हजारांतला मोठा तुकडा इथे गेला. आणि माठ. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथे फ्रीज नसलेल्या खोलीत माठ हवाच. माठाच्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि त्यामुळे आतलं पाणी गार होतं. बाजारात माठांना बाहेरून तेलाचा रंग फासलेला, त्यावर मोर आणि कमळं. रंगाने छिद्रं बुजतात. माठ दिसतो सुंदर आणि पाणी राहतं कोमट. वर प्लास्टिकची तोटी बसवलेली, तिच्या भोवती पांढरी लांबी थापलेली, आणि ती पहिल्या आठवड्यात गळायला लागते. ज्या खोलीत थेंब थेंब साठवलेला आहे तिथे माठाने रात्रभर पाणी गाळावं, हे मला सहन होत नाही. साधा, बिनरंगाचा, बिनतोटीचा माठ आम्ही शोधत फिरलो. कुंभाराच्या दारात मिळाला, दुकानात नाही.

या सगळ्या फिरण्यात एक गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. पोरीचं लग्न झालं असतं तर हे काहीच विकत घ्यावं लागलं नसतं. आंदणात भांडी आली असती, रुखवतात मांडली गेली असती, पाहुण्यांनी आहेर केला असता. घर मांडून देण्याची आपली सगळी रीत लग्नाला बांधलेली आहे. नोकरीसाठी घर मांडणाऱ्या पोरीला कोणी एक चमचा देत नाही. नातेवाइकांना सांगितलं तर म्हणाले, "लग्नात देऊच न." आणि लग्नात तरी काय देतात? लेमन सेट, भिंतीवरचं घड्याळ, पुन्हा लेमन सेट. ज्या घरात चार चार लेमन सेट पडलेले असतात त्या घरातही सांडशी विकत आणावी लागते.

तिच्यासाठी आंदण ठेवलेलं होतं. बहिणीकडे पितळेचे दोन गुंड आणि एक मोठी परात होती, तिच्या नावाची. शिक्षणाची फी भरायची वेळ आली तेव्हा ती भांडी अमरावतीला आणून मोडीत घातली. दुकानदाराने वजन केलं, घट धरली आणि उरलेल्याचे पैसे दिले. आमच्या जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनातून हेच सांगत फिरले, की पैसा नसेल तर जेवायचं ताट विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण लेकराला शिकवा. बहिणीने त्यांचं ऐकलं. २० डिसेंबर १९५६ ला बाबा गेले, त्याला किती वर्षं झाली, अजूनही आमच्याकडे आयाबाया ते ऐकून भांडी मोडतात. ताट विकून शिकलेली पोर जेव्हा स्वतःच्या पगारातून पहिलं ताट घ्यायला बाजारात येते, तेव्हा तिला चांगलं ताट मिळालं पाहिजे. जाड, काठ न दुमडणारं, एकच, सुट्टं. तिने दहा दुकानांत तेच मागितलं. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने संच फोडून एक ताट आणि एक वाटी दिली आणि पैसेही एकाचेच घेतले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

राहिलं कुकरच्या रिंगचं. मी दिलेला कुकर तीन लिटरचा, चांगल्या स्थितीतला, फक्त त्याची रबरी रिंग वाळली आहे. रिंग नसली तर वाफ कोंडत नाही, आत पाणी १०० अंशांवरच उकळतं, कुकरमधलं १२० गाठत नाही. मग तूरडाळ उघड्या गंजात शिजवावी लागते. नळ नसतो तेव्हा तिच्या घरमालकाकडे बोअरचं जड पाणी, त्यात डाळ तासभर शिजूनही दाणेदार राहते आणि पाच किलोचा लहान सिलिंडर भराभर रिकामा होतो. अकोला डाळ मिलचं गाव, तूरडाळ इथून देशभर जाते, आणि तीच डाळ शिजवायला लागणारी रिंग इथे मिळेना. कंपनीने झाकणाची घडण बदलली, जुन्या मापाच्या रिंगा दुकानदार ठेवत नाहीत, दुसऱ्या कंपनीची बसत नाही. एका दुकानात तर नवा कुकरच घ्या म्हणाले. २०२१ च्या १ फेब्रुवारीपासून कुकरवर आयएसआयची खूण सक्तीची झाली, स्फोट होऊ नयेत म्हणून, आणि ते योग्यच आहे. तशीच सक्ती जुन्या कुकरच्या रिंगा निदान पंधरा वर्षं पुरवत राहण्याचीही हवी. शंभर-दीडशे रुपयांच्या रबरासाठी हजार-पंधराशेचा कुकर टाकून द्यायला तिच्याकडे पैसे नाहीत, आणि असते तरी मी टाकू दिला नसता.

अमरावतीला परत आल्यावर इतवारा बाजाराकडे एका दुरुस्तीवाल्याला मी झाकण दाखवलं. त्याने दोरीने माप घेतलं आणि हे माप मागवावं लागेल म्हणाला. मंगळवारी माल येतो. भाचीला फोन करून सांगितलं, तोवर डाळ रात्री भिजत घाल, मीठ शेवटी टाक, आणि गंजावर झाकण ठेव.